रुग्णालयात पावसाचे पाणी वापरताना: टाकी सर्वांत शेवटी

बहुतेक रुग्णालयांत हे काम उलट्या टोकाने सुरू होते. पाणी कमी पडते, बैठक होते, 'छतावरचे एवढे पाणी वाया जातेय' असे कुणीतरी म्हणते आणि महिन्याभरात आवारात मोठा खड्डा खणलेला दिसतो. टाकी बांधून झाली की प्रश्न पडतो, आता हे पाणी वापरायचे कुठे? मग जवळ जो पाइप सापडेल त्याला ते जोडले जाते. घरात अशी चूक झाली तर पोट बिघडण्यावर भागते. रुग्णालयात त्याच नळावर केमोथेरपी घेतलेला माणूस तोंड धुतो.

म्हणून इथे टाकीचे माप पाचव्या टप्प्यावर येते. त्याआधीचे चार टप्पे कंटाळवाणे आहेत, पण काम फसते ते तिथेच.

## सुरुवातीपूर्वी: माणसे आणि नकाशा

देखभाल विभागाने हे काम एकट्याने करू नये. पहिल्या बैठकीला पाच जण हवेतच: देखभाल अभियंता, संसर्ग नियंत्रण परिचारिका, डायलिसिसचा तंत्रज्ञ, उपकरणे निर्जंतुक करणाऱ्या विभागाची प्रमुख आणि इमारतीत सर्वांत जुना असलेला प्लंबर. शेवटच्या माणसाला बोलवायचे राहून जाते. कुठला पाइप कधी कापला, कुठे 'तात्पुरता' जोड दिला आणि तो कायमचा राहिला, हे फक्त त्याला ठाऊक असते.

इमारतीचा मूळ नकाशा असेल तर काढा, पण त्यावर भरवसा ठेवू नका. दर मजल्यावर फिरून कुठली लाइन कुठून येते, कुठे जाते, झडपा कुठे आहेत हे नव्याने लिहा. वॉर्डाची कचेरी झाली, कचेरीची पुन्हा खोली झाली, अशा प्रत्येक बदलात एखादा तोंड बंद केलेला पाइपाचा तुकडा भिंतीत मागे राहतो. त्यातले पाणी हलत नाही आणि जंतूंना न हलणारे पाणीच आवडते. असे तुकडे नकाशावर लाल करा. पुढे ते मुख्य लाइनीपासून कापायचे आहेत.

तपासा: कुठलाही नळ दाखवल्यावर 'याचे पाणी कुठल्या टाकीतून येते' हे तुम्हाला सांगता येते का? दहा नळांपैकी एकाचे उत्तर चुकले तरी पुढे जाऊ नका.

## टप्पा १: मोजणी

महिन्याच्या बिलावरून काही कळत नाही. मुख्य मीटरशिवाय निदान पाच ठिकाणी उपमीटर बसवा: लॉन्ड्री, स्वयंपाकघर, निर्जंतुकीकरण विभाग, डायलिसिसचे पाणी शुद्ध करणारा आरओ आणि वातानुकूलनाचे पाणी गार करणाऱ्या कूलिंग टॉवरची भरणा लाइन. शौचालयांचा वेगळा मीटर शक्य नसेल तर दिवसाला किती फ्लश होतात याचा अंदाज घ्या.

मग एक रात्र जागा. पहाटे २ ते ४ या वेळात दर पंधरा मिनिटांनी मीटर वाचा. रुग्णालय झोपत नाही, त्यामुळे आकडा शून्य येणार नाही. पण लॉन्ड्री बंद, बाह्यरुग्ण विभाग बंद, स्वयंपाकघर बंद असताना पाणी सरळ रेषेत वाहत असेल, तर ती गळती आहे किंवा एखादे यंत्र रिकामे असतानाही पाणी पीत आहे. वरच्या टाकीचा पंप त्या वेळात चालू झाला तर आकडा फसवा येतो. म्हणून टाकी भरून घेऊन पंप बंद ठेवा आणि टाकीची पातळी किती उतरते तेही मोजा.

निदान दोन आठवड्यांचे आकडे गोळा करा. सुट्टीचा दिवस आणि शस्त्रक्रियांचा गर्दीचा दिवस दोन्ही त्यात आले पाहिजेत.

## टप्पा २: कुठले पाणी कुठे चालणार नाही

हा सगळ्या कामाचा पाया आहे. प्रत्येक वापर तीनपैकी एका रंगात टाका आणि त्या यादीवर संसर्ग नियंत्रण समितीची सही घ्या.

लाल, म्हणजे पावसाचे किंवा पुनर्वापराचे पाणी कधीच नाही: पिणे, स्वयंपाक, हात धुणे, अंघोळ, शस्त्रक्रियागृह, नवजात अतिदक्षता विभाग, डायलिसिस, उपकरणांचे शेवटचे धुणे, एंडोस्कोप धुणे, बर्फाचे यंत्र, ह्युमिडिफायर, नेब्युलायझर, प्रयोगशाळा.

हिरवा, म्हणजे साध्या गाळणीनंतर चालेल: कर्मचारी आणि बाह्यरुग्ण विभागाची शौचालये, झाडांना ठिबक, अग्निशमनाच्या टाकीची भर.

पिवळा, म्हणजे पूर्ण प्रक्रिया आणि सततची देखरेख असेल तरच: कूलिंग टॉवर, लॉन्ड्रीची सुरुवातीची धुणी, अंगण धुणे.

वाद होतो तो पिवळ्या रंगावर. तिथे एकच कसोटी लावा: या वापरात पाण्याचे बारीक तुषार हवेत उडतात का? न्यूमोनिया करणारा लीजनेलाचा जंतू फुप्फुसात जातो तो श्वासातून, अशा तुषारांबरोबर. म्हणून झाडांना ठिबक चालते, पण रुग्णांच्या खिडक्यांखालचा स्प्रिंकलर चालत नाही. अंगण झाडून ओल्या फडक्याने पुसता येते. जोराच्या फवाऱ्याने धुवायचे तर ते पाणी पिवळ्यात जाते. दर्शनी भागात शोभेचे कारंजे असेल तर ते बंदच करा. त्याला कुठलेच पाणी देऊ नका.

कूलिंग टॉवर तर तुषार उडवण्याचेच यंत्र आहे. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे त्याला ते उत्तम. पण जंतुनाशकाचा डोस, तुषार अडवणाऱ्या जाळ्या आणि नियमित तपासणी ही व्यवस्था आधीच चोख नसेल तर तिथे पावसाचे पाणी नेण्याचा विचारही नको.

सावधान: शौचालये सरसकट हिरवी नसतात. अस्थिमज्जा प्रत्यारोपण, कर्करोग किंवा भाजलेल्या रुग्णांच्या खोल्यांतले फ्लश पिण्याच्या पाण्यावरच ठेवा. फ्लश करतानाही तुषार उडतात.

डायलिसिस लाल यादीत लिहून मोकळे होऊ नका. पाण्याचा स्रोत बदलला, टँकर आला, पुनर्भरण केलेल्या विहिरीचे पाणी मुख्य टाकीत मिसळले किंवा पाइप धुण्यासाठी क्लोरीन वाढवले, तर डायलिसिस विभागाला ते आधी कळले पाहिजे. क्लोरीन आणि अमोनिया मिळून होणारे क्लोरामाइन रक्तात गेले तर तांबड्या पेशी फुटतात. म्हणून डायलिसिसच्या पाण्यात एकूण क्लोरीन लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. १९९६ साली ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात डायलिसिसच्या पाण्यात निळ्या-हिरव्या शैवालाचे विष उतरले आणि ५० हून अधिक रुग्ण दगावले. तिथे पावसाच्या टाकीचा काही संबंध नव्हता. स्रोतातल्या पाण्यात काय आहे हे शेवटच्या यंत्राशी बसलेल्या माणसापर्यंत पोहोचले नाही, तर काय होते एवढे त्यावरून कळते.

## टप्पा ३: आधी बचत, मग साठवण

गळती आधी. फ्लशच्या टाकीत खाद्यरंगाचे चार थेंब टाका आणि पंधरा मिनिटे फ्लश न करता थांबा. भांड्यात रंग उतरला तर आतले रबर गेलेले आहे. ही गळती आवाज करत नाही, पण एका भांड्यातून दिवसाला शेकडो लिटर पाणी जाऊ शकते. सेकंदाला एक थेंब टपकणारा नळ दिवसाला वीसएक लिटर घालवतो, आणि तक्रारवहीत नोंद मात्र नेहमी त्याचीच असते.

मग यंत्रे. रुग्णालयात सर्वांत जास्त पाणी वाया घालवणारी गोष्ट सहसा नळ नसतो. तीन ठिकाणी बघा.

पहिले, वाफेचे निर्जंतुकीकरण यंत्र. गटारात जाणारी वाफ थंड करण्यासाठी जुन्या यंत्रांत गार पाणी अखंड सोडलेले असते, यंत्र रिकामे असतानाही. तिथे तापमान पाहून उघडणारी झडप बसवली की पाणी गरजेपुरतेच वाहते. आतली हवा ओढायला पाण्याचा झोत वापरणारे यंत्र असेल, तर ते पाणी फिरवून वापरण्याची सोय करता येते किंवा विजेवरचा पंप लावता येतो.

दुसरे, वैद्यकीय व्हॅक्यूमचा, म्हणजे वॉर्डातल्या सक्शनचा पंप. आत पाण्याची फिरती कडी करून हवा ओढणारा जुना पंप असेल तर त्याचे पाणी सरळ गटारात जाते का ते पाहा. पंप बदलण्याची वेळ आली की कोरडा पंप घ्या.

तिसरे, डायलिसिसचा आरओ. डायलिसिसचे द्रव मिनिटाला साधारण ५०० मिलिलिटर वाहते. चार तासांच्या एका फेरीला १२० लिटर शुद्ध पाणी झाले. आरओ निम्मे पाणी शुद्ध करून निम्मे बाहेर टाकत असेल, तर तेवढेच आणखी १२० लिटर गटारात जाते. १० यंत्रे, दिवसाला २ पाळ्या, म्हणजे रोज २,४०० लिटर. या टाकाऊ पाण्याचा रुग्णाशी संपर्क आलेलाच नसतो. त्यात क्षार जास्त असतात, एवढेच. फ्लशसाठी ते उत्तम, आणि पावसाची वाट न पाहता वर्षभर मिळते. बागेला मात्र सतत देऊ नका, माती खारवते.

सावधान: आरओचे टाकाऊ पाणी आणि डायलिसिस यंत्रातून बाहेर पडणारे वापरलेले द्रव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्याचा रुग्णाच्या रक्ताशी पडद्याआडून संबंध आलेला असतो. ते सांडपाण्यातच गेले पाहिजे. दोन्ही नळ्या एकाच खोलीतून बाहेर पडतात आणि प्लंबर त्या सहज एकत्र जोडतो. भिंतीतून बाहेर येण्याआधीच दोन्हींवर खुणा करा.

वातानुकूलन यंत्रांतून ठिबकणारे पाणीही जमा करता येते. ते स्वच्छ दिसते, पण त्यात क्लोरीन नसते आणि धातूला ते खाते. प्लास्टिकच्या पाइपातून न्या आणि साचू देऊ नका.

कूलिंग टॉवर असेल तर पाणी किती वेळा दाट होऊ दिल्यावर सोडून देता ते पाहा. बाष्पीभवनाने १०० लिटर उडत असतील, तर तीन पट दाट झाल्यावर सोडल्यास एकूण १५० लिटर भरावे लागते. सहा पट दाट होऊ दिल्यास १२० लिटर. किती दाट चालेल हे पाण्यातल्या क्षारांवर ठरते.

आता नळ. इथे घराचे शहाणपण रुग्णालयात आणू नका. नळाच्या तोंडाला लावायच्या हवामिश्रित जाळ्यांत गाळ आणि जंतूंचा थर बसतो. रुग्णविभागात त्या लावायच्या का हे संसर्ग नियंत्रण परिचारिकेला विचारून ठरवा. कर्मचारी शौचालयात आणि कचेरीत त्या बिनधास्त लावा. सेन्सरचे नळही दिसतात आधुनिक, पण त्यांच्या आतल्या झडपेत कोमट पाणी अडकून राहते. शस्त्रक्रियेपूर्वीच्या हात धुण्याच्या जागी गुडघ्याने किंवा पायाने चालणारा नळ पुष्कळ पाणी वाचवतो, कारण हात चोळताना तो बंद राहतो. हात धुण्याच्या वेळेला किंवा धुण्याच्या संख्येला मात्र कात्री लावायची नाही. 'पाणी जपून वापरा' ही पाटी वॉर्डातल्या बेसिनवर लावलेली मी पाहिली आहे. अशी पाटी दिसली तर काढून टाका.

बचतीचा एक तोटा ध्यानात ठेवा. पाइप जुन्या वापराच्या मानाने जाड असतात. वापर निम्मा झाला की पाणी पाइपात दुप्पट वेळ पडून राहते, क्लोरीन उडून जाते आणि पाणी कोमट होते. लीजनेला २५ ते ४५ अंश सेल्सिअसमध्ये चांगला वाढतो. म्हणून नळाचा प्रवाह कमी केलात की पुढचे दोन महिने लांबच्या टोकाच्या नळांवर क्लोरीन आणि तापमान मोजा. गरम पाण्याची टाकी ६० अंशांवर आणि परतीची लाइन ५० अंशांच्या वर असली पाहिजे. वीज वाचवायची म्हणून ते खाली आणू नका. ६० अंशांचे पाणी भाजते, म्हणून रुग्णाच्या नळाशी मिश्रण झडप हवी.

तपासा: सर्वांत दूरच्या नळावर मोकळे, म्हणजे अजून जंतू मारू शकणारे क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या खाली जाते का? जात असेल तर आधी नकाशावरचे लाल तुकडे कापा, मग पुढे जा.

## टप्पा ४: छताची निवड

घराचे छत म्हणजे छत. रुग्णालयाच्या छतावर काय काय असते ते वर जाऊन बघा: जनित्राचे धुराडे, प्रयोगशाळेचा धूर-शोषक, विलगीकरण खोल्यांची हवा बाहेर टाकणारे पंखे, विषारी वायूने उपकरणे निर्जंतुक करणाऱ्या इथिलीन ऑक्साइड यंत्राची नळी, स्वयंपाकघराची चिमणी, कूलिंग टॉवर, कधी हेलिपॅड. यांच्या आसपासचे छत वगळा. वाऱ्याची नेहमीची दिशा पाहा आणि त्या बाजूचे जास्त वगळा. ॲस्बेस्टॉसचे पत्रे, शिशाची पट्टी मारलेले सांधे आणि सोलवटलेला जुना रंग असलेला भागही नको.

उरलेल्या छतावर कबुतरे बसतात का? त्यांच्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस ही बुरशी वाढते आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णाला तीच नको असते. बसण्याच्या जागा बंद करा, पाण्याच्या टाकीच्या कडांवर तिरके पत्रे लावा. छतावर ठेवलेले भंगार, मोडक्या खाटा, जुनी कागदपत्रे हलवा. हे काम एका दिवसाचे आहे आणि कायम पुढे ढकलले जाते.

वाहने उभी राहतात त्या जागेवरचे पाणी टाकीसाठी घेऊच नका. त्यात तेल असते.

## टप्पा ५: टाकीचे माप

१ चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. पक्क्या छतावरून त्यातले साधारण ८० टक्के हाती लागते. समजा एकूण छत १,८०० चौरस मीटर आहे आणि वरच्या कारणांनी ६०० वगळले. उरले १,२००. २० मिलिमीटरच्या पावसात १,२०० × २० × ०.८ म्हणजे १९,२०० लिटर. पहिल्या १ मिलिमीटरचे १,२०० लिटर धुवून टाकायला सोडले की उरतात १८,०००.

आता गरज. रोज ५०० फ्लश होतात असे धरा. जुन्या १० लिटरच्या टाक्या असतील तर रोज ५,००० लिटर. वरचा साठा पुरेल साडेतीन दिवस. लहान-मोठ्या दोन कळांच्या टाक्या बसवून सरासरी ४.५ लिटरवर आणलीत तर रोज २,२५० लिटर आणि तोच साठा आठ दिवस पुरतो. टाकी तीच, खड्डा तोच. बचत आधी का, ते एवढ्यावरून कळावे.

पण एका पावसावर किंवा वर्षाच्या सरासरीवर माप ठरवू नका. निदान दहा वर्षांची रोजची पर्जन्यनोंद मिळवा आणि साधा ताळेबंद मांडा: कालची शिल्लक, अधिक आजची आवक, वजा आजचा वापर. शिल्लक टाकीच्या मापाबाहेर गेली तर ती वाहून गेली, शून्याखाली गेली तर बाहेरून पाणी घ्यावे लागले. टाकीचे माप बदलत जा: २०,००० लिटर, ४०,०००, ८०,०००. एका मापानंतर टाकी दुप्पट करूनही बाहेरून घ्यावे लागणारे पाणी फारसे कमी होत नाही. तिथे थांबा.

मोठी टाकी म्हणजे जास्त सुरक्षितता हा समज रुग्णालयात खोटा ठरतो. महिनोन्‌महिने पडून राहिलेले पाणी नंतर शुद्ध करणे महागात जाते. जास्तीचे पाणी जमिनीत मुरवा, पण शोषखड्डा सांडपाण्याच्या टाक्या, जैववैद्यकीय कचऱ्याची खोली आणि डिझेलची टाकी यांच्यापासून दूर ठेवा आणि वापरातल्या कूपनलिकेत थेट पाणी सोडू नका.

आणखी एक: पावसाची टाकी झाली म्हणून पिण्याच्या पाण्याचा आणीबाणीचा साठा कमी करायचा नाही. पाणीपुरवठा तुटला त्या दिवशी पावसाच्या पाण्याने हात धुता येणार नाहीत.

## टप्पा ६: छतापासून पंपापर्यंत

क्रम असा: पन्हळ, जाळी, पहिले पाणी सोडणारी टाकी, गाळणी, साठवण टाकी, पंप, बारीक गाळणी, निर्जंतुकीकरण.

पन्हळ आणि गाळणी जोराच्या पावसाला पुरल्या पाहिजेत. तासाला १०० मिलिमीटरच्या सरीत १,२०० चौरस मीटरवरून मिनिटाला २,००० लिटर येतात. गाळणीची क्षमता त्याहून कमी असेल तर पाणी गाळणीवरून उड्या मारून जाते आणि 'पाऊस चांगला झाला तरी टाकी भरली नाही' अशी तक्रार येते.

पहिल्या पाण्याबाबत एक चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता आधी तेच तपासतो. उभ्या पाइपाला खाली टोपण लावून एक मीटरचा तुकडा जोडतात आणि पहिले पाणी सोडायची सोय झाली म्हणतात. १०० मिलिमीटर व्यासाच्या एक मीटर पाइपात ८ लिटर पाणी मावते. सोडायचे होते १,२००. त्यासाठी वेगळी छोटी टाकीच लागते आणि दोन पावसांच्या मध्ये ती आपोआप रिकामी व्हावी म्हणून तळाशी बारीक भोक हवे. ते भोक पानांनी बुजते. त्याच्यापुढे जाळी लावा.

साठवण टाकीत पाणी वरून धबधब्यासारखे पडू देऊ नका, तळचा गाळ ढवळला जातो. आत येणारा पाइप तळापर्यंत नेऊन तोंड वर वळवा. पंपाने पाणी ओढायचे तेही तळातून नाही, तर तरंगत्या बोयाला बांधलेल्या नळीने, पृष्ठभागाच्या थोडे खालून. टाकीत उजेड शिरता कामा नये, नाहीतर शेवाळ धरते. प्रत्येक उघड्या तोंडाला १ मिलिमीटरपेक्षा बारीक जाळी लावा. रुग्णालयाच्या टाकीत डेंग्यूचे डास वाढले, ही बातमी कुणालाच नको असते.

जास्तीच्या पाण्याचा पाइप आत येणाऱ्या पाइपापेक्षा बारीक नको. तो कुठे सुटतो ते चालत जाऊन बघा. तळघरात विजेचे पॅनेल किंवा वैद्यकीय वायूची यंत्रणा असेल तर तिकडे एक थेंबही जाता कामा नये.

निर्जंतुकीकरणासाठी यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा लावलात तर त्याआधी ५ मायक्रॉनची गाळणी हवी. गढूळ पाण्यात किरण पोहोचत नाहीत. यूव्हीचा परिणाम पुढे पाइपात टिकत नाही, म्हणून लांब लाइन असेल तर थोडे क्लोरीनही द्यावे लागते. पावसाचे पाणी किंचित आम्ल असते, लोखंडी पाइप त्याने लवकर गंजतात. पाइप प्लास्टिकचे घ्या.

## टप्पा ७: दोन पाणी, दोन लाइनी

इथली चूक दिसत नाही, वासही येत नाही. पावसाच्या लाइनीचा रंग वेगळा ठेवा, दर काही पावलांवर आणि भिंतीतून आरपार जाताना दोन्ही बाजूंना नाव लिहा. शक्य असेल तर व्यासही वेगळा निवडा, म्हणजे घाईत कुणी जोडायला गेले तरी बसणारच नाही. बाहेरच्या नळांना किल्ली लावा आणि वाचता न येणाऱ्यालाही कळेल असे 'पिऊ नका'चे चित्र लावा. वॉर्डाच्या मजल्यावर पावसाच्या पाण्याचा उघडा नळ एकही ठेवू नका. सफाई कर्मचारी बादली तिथेच भरणार आणि तहानलेला नातेवाईक तिथेच वाकणार.

पाऊस नसताना फ्लश चालू राहण्यासाठी पिण्याच्या पाण्याची भर द्यावी लागते. ती उलट न जाणाऱ्या झडपेवर सोपवू नका. झडपेत कचरा अडकतो आणि ती अर्धवट उघडी राहते. दोन पाण्यांमध्ये हवा हवी: भरणाऱ्या पाइपाचे तोंड टाकीच्या काठाच्या वर, पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट आणि निदान २५ मिलिमीटर अंतरावर, उघडे.

सावधान: ही भर मोठ्या टाकीत देत असाल तर तिचा बोया तळाजवळ बसवा. वर बसवला तर टाकी नेहमी पिण्याच्या पाण्याने भरलेली राहते आणि पाऊस आला की त्याला जागाच नसते. पावसाची टाकी वर्षभर नळाच्या पाण्याने भरून ठेवलेली आणि सगळे खूश, असे घडते. भर वेगळ्या छोट्या टाकीत देणे सर्वांत बरे.

## टप्पा ८: तोडफोड करताना

जुन्या भिंती फोडल्या की धुळीबरोबर ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू उडतात. बळकट माणसाला त्याचे काही वाटत नाही. प्रत्यारोपण झालेल्याला ते जिवावर बेतते. कामाच्या जागेला छतापर्यंत पडदा, दारापाशी ओले पायपुसणे, राडारोडा झाकून आणि रुग्णांच्या लिफ्टने नाही. कुठल्या दिवशी कुठला मजला फुटणार ते संसर्ग नियंत्रण विभागाला आधी कळवा. पाणी बंद करून पुन्हा सोडल्यावर पाइपातला गाळ सुटतो, तेव्हा रुग्णांना नळ उघडू देण्याआधी तो भाग धुवून काढा.

नव्या लाइनीत दाब तपासायला पाणी भरून ती महिनोन्‌महिने तशीच ठेवू नका. उद्घाटनाची तारीख पुढे जाते, पाइपातले पाणी मात्र तिथेच कुजत राहते.

## टप्पा ९: जोडण्यापूर्वीची परीक्षा

१. दोन्ही लाइनी भरून दाबाखाली आणा.

२. पिण्याच्या पाण्याची लाइन बंद करून रिकामी करा. आता इमारतीतला प्रत्येक नळ, प्रत्येक फ्लश उघडा. ज्यातून पाणी येईल ते पावसाचे. ते तुमच्या यादीतच आहे का?

३. पिण्याची लाइन पुन्हा भरा, पावसाची रिकामी करा, सगळे पुन्हा उघडा.

४. शेवटी पावसाच्या टाकीत खाद्यरंग टाका, दोन्ही लाइनी चालू ठेवा आणि लाल यादीतल्या नळांचे पाणी पांढऱ्या भांड्यात घेऊन बघा.

दुसरी आणि तिसरी पायरी वॉर्ड चालू असताना करणे त्रासाचे असते, म्हणून 'नमुन्यादाखल' चार नळ तपासून सही करण्याचा मोह होतो. चुकीचा जोड नेमका पाचव्या नळाला असतो. मजल्यामजल्याने, रात्री, लागतील तेवढ्या फेऱ्यांत करा, पण सगळे नळ उघडा. हीच परीक्षा दरवर्षी आणि प्रत्येक प्लंबिंगच्या कामानंतर पुन्हा घ्यायची आहे. ते काम एका बेसिनचे असले तरी.

## टप्पा १०: चालू झाल्यानंतर

एक वही आणि एक नाव. 'देखभाल विभाग' हे नाव नव्हे. माणसाचे नाव लिहा आणि तो रजेवर असेल तेव्हाचे दुसरे.

दर आठवड्याला: न वापरलेल्या खोल्यांतले, शॉवरसह सगळे नळ गरम आणि थंड दोन्ही बाजूंनी काही मिनिटे सोडा, हळू, तुषार न उडवता. पाणी वाया जाते म्हणून हे टाळू नका. हे पाणी तुमच्या बचतीच्या हिशेबात आधीच खर्चाच्या बाजूला लिहा. गाळणी आणि पहिल्या पाण्याच्या टाकीचे भोक तपासा.

दर महिन्याला: उपमीटरांची बेरीज मुख्य मीटरशी ताडून पाहा. फरक वाढत गेला तर रात्रीची मोजणी पुन्हा करा.

दरवर्षी, पाऊस सुरू होण्यापूर्वी: छत झाडा, पन्हळी मोकळ्या करा, टाकी रिकामी करून गाळ काढा, जाळ्या बदला, यूव्हीचा दिवा तास पूर्ण झाले असतील तर बदला. दिवा निळा दिसतो म्हणजे चालतो असे नाही. उजेड राहतो आणि मारक शक्ती आधीच उतरते.

टाकीत उतरणारा माणूस एकटा नको. बंद टाकीत प्राणवायू कमी असू शकतो. झाकण आधी उघडून हवा खेळू द्या, हवा मोजणारे यंत्र खाली सोडून बघा आणि वर दोरी धरून दुसरा माणूस उभा करा. आत कुणी कोसळला तर वरच्याने मागे उडी घालायची नाही, दोरी ओढायची आणि मदतीला हाक मारायची.